पाहिलंस की ऐकलंस

आमच्या वस्तीला रस्ता नव्हता. हे शहरातल्या माणसाला सांगितलं की तो विचारतो, "म्हणजे कच्चा होता का?" कच्चा नाही, पक्का नाही, रस्ताच नव्हता. शेवगावच्या पूर्वेला आमचं तीन एकर रान, रानात पत्र्याची वस्ती, आणि डांबरी सडकेपासून वस्तीपर्यंत साडेआठशे फूट तात्यांचं रान. तात्या म्हणजे आमचे बांधाला बांध लागून असलेले शेजारी. त्यांचा गहू उभा असला की आम्ही बांधावरून एकामागे एक चालायचो. बांधही दोन्हीकडून कोरून कोरून एवढा उरलेला, की एक पाय टाकल्यावर दुसऱ्याला जागा शोधावी लागायची. कांदा निघाला की व्यापाऱ्याचा टेम्पो सडकेवर थांबायचा. आबा पाठीवर गोणी घेऊन आणि आम्ही मायलेकी डोक्यावर पाट्या घेऊन दिवसभर वाहायचो. म्हैस आजारी पडली तर जनावरांचा डॉक्टर सडकेवरूनच विचारायचा, "इकडं घेऊन येता येईल का?"

पण ओझ्याचं मला एवढं वाटत नाही. ओझं सगळ्यांनाच असतं. वाईट वाटायचं ते विचारण्याचं. कांदा काढायच्या आदल्या दिवशी आबा अंघोळ करायचे, धुतलेली टोपी घालायचे आणि तात्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. "तात्या, उद्या माल काढतोय. जाऊ द्या तेवढं."

तात्या लगेच हो म्हणायचे नाहीत. आधी चहा यायचा, मग पावसाची गोष्ट निघायची, मग तात्या म्हणायचे, "बगू." त्या 'बगू'वर आबा घरी यायचे आणि आई विचारायची, "काय म्हनले?" आबा म्हणायचे, "न्हाई तर म्हनले न्हाईत." त्यालाच आम्ही परवानगी समजायचो.

आजोबा होते तेव्हा सांगायचे, इथून बैलगाडी जायची. पण आजोबा बरंच काही सांगायचे.

मी आमच्या घरातली पहिली दहावी, पहिली बारावी आणि नगरला जाऊन कॉलेजात बसलेली पहिली. हे मी लपवत नाही आणि मिरवायला लाजतही नाही. पण हे लिहिते आहे ते माझ्याविषयी नाही, ज्यांच्या घरी मी तीन वर्षं भाड्यानं राहिले त्या सरांविषयी.

सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. ख्रिस्ती. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. बहीण दवाखान्यात नर्स होती, म्हणून गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. सर आणि सिस्टर. सिस्टर घरात आहेत म्हणूनच आबांनी मला तिथं ठेवलं, नाहीतर म्हाताऱ्या मास्तराच्या घरात पोरगी ठेवणं आमच्याकडं कुणाला पटलं नसतं. मागच्या पत्र्याच्या खोलीत मी आणि माझ्याच वर्गातली रेश्मा, अशा दोघी राहायचो.

खोली बघायला गेले त्या दिवशी सरांनी विचारलं, "घर कुठे?"

"शेवगावजवळ."

"जवळ म्हणजे कोणत्या दिशेला?"

मला सांगता येईना. त्यांनी मला जिन्यानं गच्चीवर नेलं, उभं केलं आणि म्हणाले, "बोट दाखव." मी दाखवलं. ते म्हणाले, "तिकडे दौंड आहे. स्वतःचं घर कुठे आहे हे माहीत नसलेल्या माणसाला खोली कशी द्यायची?" आबा खाली जिन्याशी उभे. त्यांना वाटलं, खोली गेली. मग सरांनी माझे खांदे धरून मला ईशान्येकडे वळवलं आणि खाली येऊन किल्ली दिली.

त्या घरात डावं-उजवं नव्हतं. मीठ उत्तरेच्या फळीवर. चपला दक्षिणेच्या भिंतीला. "जरा पश्चिमेला सरक, मला उजेड लागतोय." रेश्मा पहिले दोन महिने नुसती गोल फिरायची. सिस्टर मात्र सरावलेल्या. एकदा त्या आजारी होत्या, अंगात ताप, आणि तापात बडबडल्या, "पूर्वेचा पाय दुखतोय."

आणि संशय. माणसाला किती गोष्टींचा संशय असावा? गॅसची टाकी आली की सर स्वतःच्या ताणकाट्यानं तोलायचे. एस. टी. स्टँडच्या घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता, वर्तमानपत्रातल्या पावसावर नव्हता. गच्चीवर त्यांचं स्वतःचं पर्जन्यमापक होतं आणि आकडा जुळला नाही की ते संपादकांना पत्र लिहायचे. दाराला कुलूप लावून तीनदा ओढायचे, चार पावलं जायचे आणि परत येऊन चौथ्यांदा ओढायचे. मोबाईलवरच्या नकाशाला ते "चुगली" म्हणायचे. "हा नकाशा नाही. हा कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं आपल्याला सांगतोय."

काहीही सांगायला गेलं की त्यांचा एकच प्रश्न: "पाहिलंस की ऐकलंस?"

"सर, बाजारात भाजी महागली."

"पाहिलंस की ऐकलंस?"

"सर, शेजारच्या काकूंचा मुलगा पळून गेला म्हणे."

"पाहिलंस की ऐकलंस?" मग जरा थांबून, "म्हणे म्हणजे ऐकलंस. पुढे सांगू नकोस."

पहिल्याच वर्षी एका रात्री जेवताना मी त्यांना आमच्या वाटेचं सांगितलं. आबांची धुतलेली टोपी, तात्यांचा 'बगू', सगळं. सिस्टरनी हळहळून माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. सर हात धुता धुता म्हणाले, "तिथे गाडीवाट होती हे तू पाहिलंस की ऐकलंस?"

"आजोबांनी सांगितलं होतं."

"म्हणजे ऐकलंस."

मला राग आला. मी खोटं बोलतेय असं त्यांना वाटलं होतं. पुढं दोन वर्षं मी तो विषय काढला नाही, त्यांनीही नाही.

तिसऱ्या वर्षी, मार्च महिन्यात, सरांनी तो खेळ काढला. जिओकॅशिंग. जगभर लोक रानावनात छोटे डबे लपवतात, त्या जागेचे अक्षांश-रेखांश एका ॲपवर टाकतात. दुसऱ्यांनी मोबाईल घेऊन जायचं, डबा शोधायचा, आत एक वही असते तिच्यात आपलं नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तिथं परत ठेवून यायचं. बक्षीस काही नाही. सर म्हणाले, "शनिवार-रविवार जाऊ. नेवासा-शेवगावच्या बाजूला काही डबे आहेत. तुमच्या भूगोलाचं प्रात्यक्षिक होईल."

मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. एक तर मोबाईलच्या नकाशाला चुगली म्हणणारा माणूस स्वतःहून मोबाईल घेऊन चला म्हणत होता. दुसरं, रविवार. सरांनी रविवारची उपासना चुकवलेली मी कधी पाहिली नव्हती. सिस्टरसुद्धा म्हणाल्या, "उपासना सोडून? डबे शोधायला?" सर म्हणाले, "परमेश्वर तिकडेही आहे. ईशान्येला."

वर्गातल्या वैभवकडे त्याच्या मामाची जुनी व्हॅन होती. शनिवारी सकाळी आम्ही चौघं निघालो. सर पुढे, मांडीवर फुटांच्या खुणा रंगवलेली काठी. वैभवच्या हातात मोबाईल आला की सर म्हणायचे, "तू गाडी बघ." रेश्माच्या हातात आला की म्हणायचे, "खरं वाच."

पहिला डबा नेवाशाच्या अलीकडे, एका पडक्या मोरीखाली. डबा म्हणजे लोणच्याची प्लास्टिकची बरणी. आत प्लास्टिकच्या पिशवीत छोटी वही. आम्ही नावं लिहिली. रेश्मानं फोटो काढले आणि इकडंतिकडं बघून म्हणाली, "सर, या खेळात लोक म्हणे किल्ले बघतात, धबधबे बघतात. इथं नुसत्या बाभळी आहेत."

"बाभळींच्या मधे काय आहे?"

"काही नाही."

"बरोबर. काही नाही, ते बारा फूट रुंद आहे," सर म्हणाले आणि काठी टाकून मोजायला लागले.

दुसरा डबा एका शेंदूर लावलेल्या दगडामागे होता. जुनी जाणती माणसं अशा दगडाला तिवड्याचा दगड म्हणतात. तीन गावांच्या शिवा जिथं मिळतात तिथं इंग्रजी अमदानीतल्या मोजणीवाल्यांनी तो पुरलेला असतो. पुढं कुणीतरी त्याला शेंदूर फासतं आणि त्याचा म्हसोबा होतो. सरांनी चपला काढल्या, दगडाला न शिवता त्याच्याभोवती फिरले आणि वैभवला म्हणाले, "मागे हात घाल. दगड हलता कामा नये. देवाला चालेल, मोजणीला चालणार नाही."

वैभवचा हात आत आणि तेवढ्यात मोटारसायकलवरून दोघं आले. एकाच्या खांद्यावर फवारणीचा पंप.

"काय चाललंय? गुप्तधन काढताय व्हय?"

"नाही हो, खेळ आहे," रेश्मा म्हणाली. तिनं मोबाईल दाखवला आणि ते आणखीच बिघडलं.

"मोबाईल बगून जमीन बगताय म्हंजे सोलरवाले तुमी. आमाला एक गुंठा बी द्यायचा न्हाई."

खोटं नव्हतं त्यांचं. दोन वर्षं आमच्या भागात सोलरच्या प्रकल्पासाठी जमिनी बघणारे फिरत होते. पांढरी गाडी, गळ्यात पट्टा, नजर एकदा मोबाईलवर आणि एकदा मातीत. आम्ही अगदी तसेच दिसत होतो. दुसऱ्या कुणी हात जोडले असते. सर उलटे त्या माणसासमोर जाऊन उभे राहिले.

"तुम्ही कोण?"

"मी कोन? रान माजं हाय!"

"कशावरून?"

"कशावरून म्हंजे? आज्यापासून कसतोय!"

"म्हणजे ऐकलंत. गट नंबर काय? या दगडाच्या पूर्वेला तुम्ही की पश्चिमेला?"

तो माणूस खरंच हाताची बोटं दाखवून पूर्व-पश्चिम लावायला लागला. पंपवाला हसायला लागला. "आरं, मास्तर हाय ह्यो. मोटारसायकल घे." आणि जाता जाता आम्हाला म्हणाला, "भूत मागं लागलेलं बरं हाय, पन मास्तर मागं लागाया नको."

आम्ही पोट धरून हसलो. सर हसले नाहीत. स्वतःच्या वहीत त्यांनी त्या माणसाचं नाव लिहिलं का काय कोण जाणे, पण काहीतरी लिहिलं.

तिसऱ्या डब्यापाशी माझं हसणं थांबलं. ती बरणी मी स्वतः उघडली. वहीच्या पहिल्या पानावर, डबा लपवणाऱ्यानं बारीक, गोल अक्षरात सूचना लिहिली होती: 'डबा उत्तरेकडे तोंड करून ठेवावा.'

बरणीला तोंड वर असतं, उत्तरेकडे कसं असेल? असं लिहिणारा माणूस या जिल्ह्यात मला एकच माहीत होता. मी वर बघितलं. सर काठीनं जमीन मोजत होते आणि माझ्याकडं मुद्दाम बघत नव्हते.

मी रेश्माला काही बोलले नाही. पण त्या संध्याकाळी नगरला परतताना माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. डबे यांनीच लपवलेत. यांनीच लपवलेले डबे हे आमच्याकडून शोधून घेतायत. प्रत्येक डबा बंद पडलेल्या वाटेवर, प्रत्येक ठिकाणी काठी टाकून मोजणी. महिन्यातून एकदा सर कुणाला न सांगता एस. टी.नं कुठंतरी जायचे, सिस्टर म्हणायच्या 'गेला असेल पाऊस मोजायला'. निवृत्त माणूस, एकटा, सगळ्या गावांचे नकाशे कपाटात. सोलरवाल्यांना असाच माणूस लागतो. संशय घ्यायला मला त्यांनीच शिकवलं होतं, तो मी त्यांच्यावर घेतला.

रविवारी सकाळी व्हॅन शेवगाव ओलांडून पूर्वेला वळली तेव्हा मला कळलं आपण कुठं चाललोय.

"सर, हा आमच्या गावाचा रस्ता आहे."

"हो. शेवटचा डबा तुमच्या शिवेत आहे."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू आली नसतीस."

हे खरंच होतं. आमचा कांदा काढणीला आला होता. सोमवारपासून माल सडकेवर न्यायचा होता आणि कालच, शनिवारी, आबा टोपी घालून तात्यांच्या ओट्यावर जाऊन आले होते. आईनं फोनवर सांगितलं होतं, यंदा तात्या 'बगू' म्हणाले नाहीत, सरळ 'न्या' म्हणाले. पहिल्यांदाच. त्या एका शब्दावर आमचा हंगाम उभा होता, आणि मी तीन परकी माणसं घेऊन तात्यांच्या रानात निघाले होते. मी वैभवला म्हणाले, गाडी वळव. वैभवनं सरांकडं बघितलं. तोवर तात्यांच्या रानाचं टोक आलं होतं आणि सर खाली उतरले होते.

सडकेवर तात्या स्वतः उभे होते, गव्हाला पाणी धरून आलेले. मी ओढणी कपाळावर ओढली. आणि तात्या म्हणाले, "या सर! आज पोरं बी आनली का?"

 हे एकमेकांना ओळखत होते.

"आणली," सर म्हणाले.

"दगडाचा अभ्यास काय सुटत न्हाई तुमचा. च्या घेता का?" मग त्यांची नजर माझ्यावर आली. "ही तर आबाची पोरगी."

सर चहाला थांबले नाहीत. सडकेच्या कडेला एक बोडका दगड होता, त्याच्याकडं पाठ करून उभे राहिले आणि गव्हाच्या कडेकडेनं, काठी टाकत चालायला लागले. वैभव आणि रेश्मा मागे. मी सडकेवर उभी. तात्या माझ्या शेजारी. आम्ही दोघंही त्यांच्याकडं बघत होतो आणि मला वाटतं, त्या क्षणी दोघांना सारखीच भीती वाटत होती. साडेआठशे फुटांवर, जिथून आमचं रान सुरू होतं तिथं दगडांच्या ढिगातून वैभवनं बरणी काढली आणि ओरडला, "सर, यात लई नावं आहेत!"

तात्या तरातरा निघाले. मीही धावले. आमच्या वस्तीवरून आबाही येताना दिसले.

वहीत दोन वर्षांत अकरा जणांची नावं होती. पुण्याचे, नाशिकचे, एक सायकलवाला संभाजीनगरचा. प्रत्येकाच्या पुढे तारीख. तात्यांनी ती वही हातात घेतली. "ही मानसं माज्या रानातून कवा गेली?"

"तुमच्या रानातून नाही. रस्त्यानं गेली."

"कंच्या रस्त्यानं?"

सरांनी पिशवीतून गाव नकाशा काढला. घडी झिजलेली. सडकेच्या त्या दगडापासून आमच्या बांधापर्यंत दोन तुटक रेघा शेजारीशेजारी जात होत्या. "दोन तुटक रेघा म्हणजे गाडीवाट. एक असती तर पायवाट असती. तुम्ही गहू पेरलाय तो वाटेवर पेरलाय."

तात्यांनी वही सरांच्या हातात कोंबली. मग नकाशाकडं न बघता आबांकडं बघून म्हणाले, "च्या पाजला ह्यांना मी. सा-सात येळा. आन् तू पोरीला शिकवून माज्यावर मास्तर घातला व्हय, आबा? आता कांदा डोक्यावर बी जाऊ द्यायचा न्हाई."

आबांनी टोपी काढली. मला आजही ते दिसतं. बांधावर, उन्हात, टोपी हातात. "तात्या, मला ह्यातलं काय बी ठावं न्हाई. देवाशपथ." आणि सरांना म्हणाले, "तुमाला कुनी बोलावलं हुतं?"

"कुणी नाही."

मग मी बोलले. आयुष्यात कुठल्या शिक्षकाला बोलले नव्हते तसं बोलले. तुम्ही आमचा खेळ केलात, म्हणाले. कुणाचे दलाल आहात, विचारलं. तिसरं वर्ष तुमच्या घरात राहतेय, दोन वर्षं तुम्ही इथं येऊन यांचा चहा पिताय, मला एक शब्द का नाही सांगितला?

सर शांतपणे म्हणाले, "तुझ्या बोलण्यावर माझा विश्वास नव्हता. तू ऐकलेलं सांगत होतीस. तुझे वडील खरे की हे, ते मला माहीत नव्हतं. पाहायला आलो."

"पाहिलंत ना? मग?"

"मी एकट्यानं पाहून काय उपयोग? मी सांगितलं असतं तर तेही ऐकीवच झालं असतं. ज्यांना तुमच्याशी काही देणंघेणं नाही अशी माणसं हवी होती. म्हणून डबे."

एवढं बोलून त्यांनी वहीत आपलं नाव लिहिलं, तारीख टाकली, बरणी पुन्हा ढिगात ठेवली आणि व्हॅनकडं चालायला लागले. मी त्यांच्याबरोबर गेले नाही.

त्या वर्षी आमचा कांदा ओढ्याच्या बाजूनं, दोन किलोमीटरच्या वळशानं डोक्यावरून गेला. चार दिवस लागले. आबा माझ्याशी बोलले नाहीत. आईनं एवढंच विचारलं, "असल्या मास्तराच्या घरात ऱ्हातीस तू?"

परीक्षा जवळ होती म्हणून खोली सोडता आली नाही. मी सरांशी बोलणं सोडलं. तेही काही समजवायला आले नाहीत. रोज सकाळी कुलूप ओढल्याचा आवाज यायचा, तीनदा आणि मग चौथ्यांदा. पण त्या दोन तुटक रेघा माझ्या डोक्यातून जाईनात. मला संशय होता की तो नकाशाच त्यांनी काढला असेल. ज्यानं बरण्या पुरल्या त्याला दोन रेघा ओढायला काय लागतं? शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मी परस्पर भूमी अभिलेखच्या कार्यालयात गेले, आमच्या गावच्या नकाशाच्या नकलेसाठी अर्ज दिला. नक्कल शिक्क्यासह हातात आली ती मी तिथंच, जिन्यावर बसून उघडली. दोन तुटक रेघा. सडकेपासून आमच्या बांधापर्यंत. आजोबांची बैलगाडी तिथून गेली होती. मी पाहिलं.

तहसीलदारांच्या नावानं अर्ज मी लिहिला. माझ्या हातानं, वकील न लावता. आबा सही करायला तयार होईनात. "तात्याशी वाकडं घिऊन ऱ्हायचं कसं?" मी म्हणाले, "आबा, आत्ता तरी सरळ कुठं आहे?" तीन दिवसांनी त्यांनी सही केली. मग मी सरांच्या खोलीसमोर उभी राहिले आणि नक्कल दाखवली. त्यांनी ती भिंगाखाली धरली, शिक्का तपासला, उलटी करून तपासली आणि म्हणाले, "ठीक आहे. तारखेला मी येतो."

सुनावणीत तात्यांच्या वकिलानं वहीला पोरखेळ म्हटलं. हा रस्ता गेल्या कित्येक वर्षांत कुणी वापरलेलाच नाही, म्हणाला. सरांनी त्या अकरा जणांपैकी पुण्याच्या एका बाईंना गाठलं होतं. त्यांनी डबा सापडला तेव्हाचा तारखेसकट फोटो पाठवला होता. त्यात गहू निघाल्यावर, नांगरटीच्या आधी, तात्यांच्याच गाडीनं त्या वाटेवर पाडलेल्या चाकोऱ्या स्पष्ट दिसत होत्या. वकिलानं मग सरांनाच धरलं.

"तुमचा या जमिनीशी संबंध काय?"

"काही नाही."

"मग तुम्ही तिथं सात वेळा कशाला गेलात?"

"पहिल्या सहा वेळी माझा विश्वास बसला नाही."

तहसीलदार साहेबांनासुद्धा हसू आवरलं नाही. ते म्हणाले, जागेवर येऊन बघतो. आणि जागेवर आले तेव्हा सरांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. सगळे जमलेले, तात्या, आबा, अर्धं गाव. सर काठीनं मोजत आमच्या टोकापर्यंत आले आणि थांबले. तिथं आमच्या शेवग्याची रांग होती, आईनं लावलेली. सर साहेबांना म्हणाले, "इथे नोंद घ्या. वाटेचे दोन फूट यांनीही दाबलेत."

"सर!" मी म्हणाले.

"मी पाहिलं," ते म्हणाले.

आबांचा चेहरा काळा पडला. आणि तात्या, ज्यांनी मार्चपासून सरांना शिव्या घातल्या होत्या, ते कपाळावर हात मारून हसले. "मास्तर कुनाचाच न्हाई राव!" त्या दिवसापासून तात्यांचा विरोध ढिला पडला, असं मला वाटतं. हा माणूस आमच्या बाजूचा नाही, हे एकदा कळल्यावर त्याच्या नकाशाशी भांडणं त्यांना अवघड गेलं असावं.

सरांनी हे का केलं, हे मी त्यांना पुढं एकदा विचारलं. ते म्हणाले, "इतकी वर्षं वर्गात गाव नकाशा शिकवला. त्यातला एक रस्ता खोटा निघाला तर मी काय शिकवलं?" मला हे उत्तर अजूनही पुरतं पटलेलं नाही. माझ्यासाठी केलं असावं, असा मला संशय आहे, पण तो माणूस मरेपर्यंत हे कबूल करणार नाही. सिस्टर गेल्यानंतर ते भाचीकडे पुण्याला गेले. मधे फोन केला तर म्हणाले, भाचीच्या सोसायटीचं प्रवेशद्वार नकाशात दक्षिणेला दाखवलंय आणि आहे आग्नेयेला, त्यावर पत्रव्यवहार चालू आहे.

अर्ज दिला त्याच उन्हाळ्यात माझा बी.ए.चा निकाल लागला, पहिला वर्ग. दिवाळीच्या आधी रस्त्याचा आदेश आला. जेसीबी आला, तात्यांचा बांध निघाला आणि आमचा शेवगाही निघाला. सडकेपासून आमच्या बांधापर्यंत साडेआठशे फूट लांब, बारा फूट रुंद गाडीरस्ता झाला. यंदा कांद्याचा टेम्पो आमच्या दारात उभा राहिला, आणि त्यासाठी आबा कुणाच्याही ओट्यावर गेले नाहीत.